काळे बिबटे, जाड पट्ट्यांचे वाघ: वेगळ्या नक्षीच्या मोठ्या मार्जारांचे फोटो कसे काढावेत?

रानवाट

काळा बिबट्या, ओडिशातल्या सिमिलिपालचे जाड पट्ट्यांचे वाघ, किंग चित्ता (ठिपक्यांऐवजी मोठे डाग आणि पाठीवर पट्टे असलेला चित्ता), फिक्या तांबूस रंगाचा बिबट्या अशा प्राण्यांचे हौशी छायाचित्रकारांनी काढलेले फोटो पाहिले की एक गोष्ट सारखी जाणवते. ज्या वेगळेपणासाठी फोटो काढला, नेमकं तेच त्यात हरवलेलं असतं. काळा बिबट्या म्हणजे हिरव्या पानांतून कात्रीने कापून काढलेली आकृती, आत काहीच नाही. वाघाचे पट्टे पाठीवर खरोखर एकमेकांत मिसळलेत की तो भाग फक्त सावलीत आहे, ते कळत नाही. तांबूस बिबट्या खरंच तांबूस आहे की सूर्य मावळत होता, तेही कळत नाही.

कारण सरळ आहे. कॅमेऱ्याचं मीटर (उजेड मोजणारा भाग), ऑटोफोकस, ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग आपोआप जुळवणं) ही सगळी यंत्रणा सर्वसाधारण दृश्य डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असते. प्राणी जिथे नेहमीपेक्षा वेगळा असतो, तिथेच ती चुकते. म्हणून या धाग्यात फक्त तांत्रिक माहिती हवी आहे: एक्स्पोजर, फोकस, रंग, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा, बांधून ठेवलेला कॅमेरा), आणि फोटोवरून प्राणी ओळखण्यासाठी काय काय टिपावं. आकडे द्या, आणि काय बिघडतं व का बिघडतं तेही लिहा. कुठे कोणता प्राणी दिसतोय ही चर्चा इथे नको.

कवडसा

काळ्या बिबट्यापासून सुरुवात करतो. मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. बिबट्याने अर्धी चौकट व्यापली असेल तर मीटरला वाटतं उजेड कमी आहे, आणि ते फोटो उजळ करतं. मग काळा प्राणी दुधाळ राखाडी होतो आणि मागची पानं पांढरी फटक पडतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात आपण केलेला कमी-जास्त बदल) उणे ०.७ ते उणे १.३ स्टॉप ठेवावं; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

पण "काळा प्राणी म्हणजे उणे एक" हा नियम डोळे मिटून लावला की दुसरी चूक होते, आणि ही जास्त दिसते. बिबट्या लांब आहे, चौकटीत जेमतेम दहावा हिस्सा व्यापतोय, बाकी सगळी उन्हातली पानं. मीटर वाचतंय पानं. त्यात आपण आणखी एक स्टॉप कमी केला की बिबट्या शाईचा डाग होतो. इथे शून्य, वेळेला अधिक ०.७ सुद्धा लागतं. म्हणजे आकडा प्राण्याच्या रंगावर नाही, चौकटीतल्या त्याच्या आकारावर आणि मागच्या उजेडावर ठरतो.

त्यापेक्षा मॅन्युअल मोड बरा. प्राणी येण्याआधी त्याच उजेडातल्या हिरव्या गवतावर किंवा मातीच्या वाटेवर स्पॉट मीटर लावून एक्स्पोजर बांधून ठेवायचं. हिरवं गवत साधारण मध्यम करड्याच्या जवळपास पडतं. मग काळा प्राणी चौकटीत कितीही मोठा आला तरी एक्स्पोजर हलत नाही. ऊन-सावली सतत बदलत असेल तर मात्र मॅन्युअलसोबत ऑटो आयएसओ (संवेदनशीलता कॅमेऱ्याने ठरवणं) ठेवा, आणि कॉम्पेन्सेशनची चकती अंगठ्याखाली असू द्या.

पिंगळा

कवडसा, मॅन्युअलबद्दल सहमत. पण चौकटीत मोठ्या दिसणाऱ्या बिबट्याला उणे एक देण्याबद्दल नाही. रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) काढणार असाल तर ते नुकसानीचं आहे.

काळ्या बिबट्याच्या अंगावरचे ठिपके गेलेले नसतात. काळ्यावर आणखी गडद काळे असे ते असतात, आणि दोन्हीतला उजेडाचा फरक फार थोडा असतो. आता रॉ फाइलचं गणित बघा. १४ बिटच्या फाइलमध्ये उजेडाच्या १६३८४ पायऱ्या. त्यातल्या ८१९२ सगळ्यात वरच्या एका स्टॉपला जातात, पुढच्याला ४०९६, मग २०४८, १०२४, आणि पाचव्या स्टॉपला उरतात ५१२. बिबट्याची कातडी जितकी खाली ढकलाल तितक्या कमी पायऱ्यांत ते ठिपके बसवावे लागतात, आणि तिथे नॉइजही (फोटोतले नको असलेले कण) सगळ्यात जास्त असतो. नंतर संगणकावर शॅडो (गडद भाग) वर ओढली की ठिपक्यांऐवजी जांभळे-हिरवे कण वर येतात.

म्हणून उलट करावं. मागचं आकाश किंवा उन्हाची पानं थोडी गेली तरी चालतील, पण कातडी हिस्टोग्रामच्या (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) डाव्या भिंतीपासून सुटी झालेली दिसली पाहिजे. फोटो स्क्रीनवर राखाडी दिसेल, घाबरू नका. संगणकावर एक्स्पोजर खाली आणलं की काळा रंग परत येतो, आणि ठिपके टिकून राहतात.

एक अट: हा जादा उजेड शटर किंवा लेन्सच्या छिद्रातून (ॲपर्चर) आला पाहिजे. नुसता आयएसओ वाढवून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. प्राणी बसलेला असेल आणि लेन्स बीनबॅगवर असेल तर शटर १/१२५ ते १/२०० सेकंदापर्यंत खाली आणा आणि सहा-आठ फोटोंची मालिका घ्या, त्यातले एकदोन नक्की स्पष्ट येतात. चालत असेल तर १/५००, धावत असेल तर १/१६०० किंवा त्याहून जलद. तेव्हा ठिपक्यांचा मोह सोडा आणि आकृती सांभाळा.

कवडसा

मान्य, रॉसाठी हे बरोबर आहे. माझा आकडा जेपेग काढणाऱ्यांना लागू धरा. जेपेगमध्ये एका रंगाला २५६ च पायऱ्या असतात, तिथे राखाडी झालेला फोटो नंतर फारसा सावरता येत नाही.

एक भर घालतो. कॅमेऱ्यावर दिसतो तो हिस्टोग्राम रॉचा नसतो, आतल्या जेपेग झलकेचा असतो. पिक्चर स्टाइल व्हिव्हिड ठेवली असेल तर तो कातडी भिंतीला टेकल्याचं खोटंच सांगतो. न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवा, काँट्रास्ट कमीत कमी. हिशोब बराच खरा येतो.

मचाण

फोकसबद्दल. काळ्या अंगावर ऑटोफोकस का भरकटतो, तर त्याला कडा लागते. सपाट काळ्या कुशीवर बिंदू ठेवला की लेन्स पुढेमागे फिरत राहते आणि शेवटी पुढच्या गवतावर बसते. बिंदू एकच आणि लहान ठेवा, आणि तो डोळा, कानाची कड किंवा जबड्याची रेषा यावर टेकवा. कातडीच्या मधोमध कधीच नाही.

मिररलेस कॅमेऱ्याचं प्राण्याचा डोळा आपोआप ओळखणं समोरून बघणाऱ्या काळ्या बिबट्यावर उत्तम चालतं, कारण पिवळा डोळा काळ्यात ठळक असतो. त्याने मान वळवली की तीच यंत्रणा मागच्या पानांमधल्या फटीला डोळा समजते. त्यामुळे एका बटणावर डोळा-ओळख आणि शेजारच्या बटणावर साधा एक बिंदू अशी मांडणी करून ठेवावी. शटरचं बटण फोकसपासून सोडवलेलं असावं. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर बंद करा, समोरच्या फांद्यांवर जाणारा निम्मा त्रास वाचतो.

जाड पट्ट्यांच्या वाघाला ही अडचण नाही. त्याच्या चेहऱ्यावर आणि पोटाकडे पुरेसे फिके भाग असतात.

नवा_पांथस्थ

काळ्या बिबट्याचे ठिपके काही फोटोंत अगदी स्पष्ट दिसतात आणि काहींत शून्य, एक्स्पोजर सारखं असूनही. हा उजेडाच्या दिशेचा परिणाम का? पोलरायझर (झळाळी कमी करणारा फिल्टर) लावल्याने फरक पडतो का?

पिंगळा

हो, दिशेचा. केस चकचकीत असतात. उजेड केसांवरून थेट लेन्सकडे परतला की वर चांदीसारखी झळाळी येते आणि तिच्याखाली ठिपके झाकले जातात. सकाळचं कोवळं ऊन बाजूने, कुशीवर तिरकं पडलं की ठिपके सर्वात चांगले उठतात. ढगाळ दिवशीही दिसतात, मात्र एक्स्पोजर वर सांगितलं तसं उदार हवं. भर दुपारचं डोक्यावरचं ऊन वाईट: पाठ झळाळते आणि कूस अंधारात जाते.

पोलरायझर झळाळी कापतो, पण त्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो. जंगलातल्या सावलीत तेवढी ऐपत नसते. शिवाय तो फिरवून कोन जुळवावा लागतो आणि प्राणी वळला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. उघड्यावर निवांत बसलेला प्राणी असेल तरच उपयोग. मोठ्या लेन्सला पुढून लावण्याजोगा पोलरायझर सहसा मिळत नाही, मागच्या खणात सरकवायचा घ्यावा लागतो.

आणि उन्हात काळा बिबट्या तपकिरी झाक दाखवतो, ती खरीच असते. ती पुसून निळसर काळा करू नका. सावलीत मात्र वरच्या आकाशाचा निळा रंग कातडीवर उतरतो, तो काढायला हरकत नाही.

ठिपकेदार

नक्षी का बदलते हे माहीत असलं की काय टिपायचं ते आपोआप कळतं, म्हणून थोडं जनुकांबद्दल.

काळा बिबट्या आणि काळा जग्वार दिसायला सारखे, कारणं वेगळी. बिबट्यात एसिप नावाच्या जनुकातला बदल आहे आणि तो अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. जग्वारमध्ये एमसी१आर जनुकातली १५ अक्षरं गळालेली असतात आणि तो बदल प्रभावी, एका पालकाकडून आला तरी पुरे. त्यामुळे दोन साध्या ठिपकेदार बिबट्यांना काळं पिल्लू होऊ शकतं. दोन ठिपकेदार जग्वारांना सहसा नाही. काळी आणि ठिपकेदार पिल्लं एकाच आईजवळ दिसली तर फक्त काळ्यावर लेन्स रोखू नका. आई आणि भावंडं एका चौकटीत असणं हीच मोलाची नोंद.

वाघाच्या जाड पट्ट्यांचं प्रकरण निराळं. त्याला काळा वाघ म्हणतात, पण तो काळा नसतो. टॅकपेप नावाचं जनुक गर्भात असतानाच पट्ट्यांमधलं अंतर आखून देतं. त्यात बिघाड झाला की आखणी विस्कटते, पट्टे रुंद होतात आणि एकमेकांत मिसळतात. मधला केशरी भाग कमी होतो, म्हणून वाघ काळपट दिसतो. सिमिलिपालच्या वाघांवरचा हा अभ्यास बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या चमूने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या सुमारे ३७ टक्के वाघांत हे पट्टे आढळले होते. संख्या लहान आणि बाकीच्या वाघांपासून तुटलेली, त्यामुळे एरवी अतिदुर्मीळ असलेला बदल तिथे पसरला. नवं रक्त मिळावं म्हणून २०२४ मध्ये ताडोबातून दोन वाघिणी तिथे नेल्या गेल्या.

तेच जनुक किंग चित्त्यातही. १९२६ मध्ये आजच्या झिंबाब्वेत त्याची नोंद झाली आणि १९२७ मध्ये ती वेगळी प्रजाती म्हणून जाहीरही झाली. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रजनन केंद्रात साध्या ठिपक्यांच्या मादीला तसं पिल्लू झालं आणि तो वाद मिटला. घरातल्या मांजराच्या अंगावर भोवऱ्यासारखे रुंद पट्टे असतात ना, तेही टॅकपेपमुळेच. हा संबंध २०१२ मध्ये दाखवला गेला.

छायाचित्रकारासाठी यातली कामाची गोष्ट: पट्टे मिसळण्याचं प्रमाण पाठीवर सर्वात जास्त असतं. जमिनीलगत, प्राण्याच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला फोटो देखणा असतो, पण पाठ त्यात दिसतच नाही. एक फोटो खालून काढा, आणि एक तरी गाडीत उभं राहून, पाठ दिसेल असा.

रानवाट

ही शेवटची सूचना धाग्याच्या वरती चिकटवावी इतकी महत्त्वाची आहे. सगळे झोपून फोटो काढायला शिकवतात, पाठीचा विचार कोणी करत नाही. रंगाबद्दल कोणी लिहील का?

तांबडफुटी

रंगावर लिहितो. सोनेरी वाघ, पांढरा वाघ, पांढरा सिंह, तांबूस बिबट्या यांत नक्षी जागेवर असते, रंगद्रव्य बदललेलं असतं. इथे ऑटो व्हाइट बॅलन्स सगळ्यात मोठा शत्रू. चौकटीत तांबडा रंग जास्त दिसला की तो त्याला थंड करतो, पुढच्या फोटोत प्राणी लहान झाला की पुन्हा उबदार करतो. एकाच मालिकेत एकच प्राणी तीन रंगांचा.

उपाय: व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर कायमचा बांधा. रॉ असली तरी बांधा, कारण मग सगळ्या फाइली एकाच पायावर राहतात. प्राणी निघून गेला की त्याच जागेवर, त्याच उजेडात, पाच मिनिटांच्या आत करड्या कार्डाचा एक फोटो घ्या. गाडीतून उतरायचं नसतं, तेव्हा कार्ड गाडीबाहेर हात लांब करून धरायचं, त्याच दिशेचा उजेड पडेल असं. दाट हिरवळीखाली हे फार लागतं. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि तो फक्त केल्विनने जात नाही, टिंटही (हिरवा-जांभळा तोल) सरकवावा लागतो.

आता ओळख. संध्याकाळच्या उन्हात कुठलाही वाघ सोनेरी दिसतो. पट्ट्यांमधला अंगाचा रंग बघू नका, पट्टे बघा. साध्या वाघाचे पट्टे कितीही उबदार उजेडात काळेच राहतात. खऱ्या सोनेरी वाघाचे पट्टे तांबूस तपकिरी असतात. हा बदल कॉरिन नावाच्या जनुकातला. काझीरंगातल्या सोनेरी वाघिणीचे फोटो याच नजरेने पाहा. तांबूस बिबट्याचंही तेच: त्याचे ठिपके काळे नसतात, विटकरी असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या माडिक्वे अभयारण्यातला २०१२ चा बिबट्या याचं परिचित उदाहरण. म्हणजे फोटोत पट्टा किंवा ठिपका शंभर टक्क्यांवर मोठा करून बघता आला पाहिजे, आणि त्यात अस्सल काळा असा एखादा संदर्भ हवा: ओली फांदी, सावलीतली खाच, काहीही.

पांढऱ्या वाघात लाल-पिवळं द्रव्य नाहीसं होतं, पट्टे गडदच राहतात, डोळे निळे. तो संपूर्ण अल्बिनो नसतो. या प्राण्यांना अधिक ०.७ ते अधिक १.३ लागतं, नाहीतर मीटर त्यांना मळकट करतं. केशरी आणि सोनेरी अंगावर आणखी एक सापळा: उबदार उजेडात लाल चॅनेल सर्वात आधी फाटतो, म्हणजे जास्त उजळून त्यातला तपशील जातो. एकत्र हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि खांद्यावरचे केस मात्र सपाट केशरी लोणी झालेले असतात. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. इथे उजळ बाजूला झुकण्याचा पिंगळांचा सल्ला लागू नाही.

पिंगळा

बरोबर. माझा सल्ला फक्त काळ्या कातडीपुरता.

पाणवठा

"वेगळा प्राणी" म्हणून येणाऱ्या कित्येक फोटोंत प्राणी साधाच असतो. जाहीर करण्याआधी हे तपासा.

चिखल आणि पाणी. वाघ पाण्यात मागे मागे सरकत बसतो, बाहेर आला की मागचा अर्धा भाग गडद. ओल्या किंवा चिखलाच्या अंगावर गडद भागाची हद्द बहुधा आडवी, पाण्याच्या पातळीसारखी सरळ असते आणि ती पट्ट्यांना आडवी कापून जाते. खऱ्या मिसळलेल्या पट्ट्यांची कड कधीच अशी सरळ रेषेत नसते.

फांद्यांच्या सावल्या. मालिकेतले पुढचे-मागचे फोटो बघा. प्राणी दोन पावलं पुढे गेला की सावली अंगावरून सरकते, पट्टा सरकत नाही. म्हणून एकच "चांगला" फोटो ठेवून बाकीचे पुसू नका.

खरूज किंवा केस गळालेले डाग राखाडी दिसतात. सिंहाच्या पिल्लांना ठिपके असतातच, मोठ्यांच्या पायांवरही राहतात. अमूर वाघ हिवाळ्यात फिका पडतो. आणि काच: गाडीच्या रंगीत काचेतून काढलेल्या फोटोवरून रंगाबद्दल काहीही बोलू नये.

लांबचा फोटो असेल तर गरम हवेची थरथर. दुपारी तापलेल्या वाटेवरून साठ-सत्तर मीटरवर पट्ट्यांच्या कडा वितळल्यासारख्या होतात आणि जवळचे दोन पट्टे एकच वाटतात. याला लेन्स, शटर, काहीच उपाय नाही. सकाळी काढलेला फोटो हवा.

तिसरा_डोळा

कॅमेरा ट्रॅपबद्दल. आधी अट: संरक्षित जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा बांधता येत नाही. खाली लिहितोय ते परवानगी असलेल्यांसाठी आणि खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने काम करणाऱ्यांसाठी.

काळ्या बिबट्यासाठी सर्वात उपयोगी युक्ती अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाची. मलाय द्वीपकल्पात क्रा संयोगभूमीच्या (थायलंडमधली जमिनीची अरुंद पट्टी) दक्षिणेला जवळपास सगळेच बिबटे काळे, त्यामुळे तिथे फोटोवरून एकेक बिबट्या ओळखून मोजणी करता येत नव्हती. संशोधकांनी ट्रॅपच्या उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर झाकण लावलं. कॅमेऱ्याला कायम रात्रच वाटते, तो दिवसाही अवरक्त फ्लॅशने फोटो काढतो, आणि ठिपके लख्ख दिसतात. २०१५ च्या त्या अभ्यासात सुमारे ९४ टक्के फोटोंतला बिबट्या ओळखता आला. कारण असं की काळं रंगद्रव्य दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा गिळतं, पण तरंगलांबी वाढत जाते तसं त्याचं गिळणं कमी होतं. मग केसांतल्या द्रव्याच्या कमी-अधिकपणाचा फरक उघडा पडतो. काळी टेप पुरते, फक्त ती पीआयआर सेन्सरच्या (उष्ण अंगाची हालचाल ओळखून कॅमेरा चालू करणारा) भिंगावर येऊ देऊ नका. दोन्ही शेजारी असतात आणि ही चूक नेहमी होते. तोटा: फोटो कृष्णधवल येतो, रंगाची नोंद मिळत नाही.

बांधणी: वाटेपासून तीन ते चार मीटर, जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटर, वाटेला काटकोनात. दोन्ही बाजूंनी एकेक ट्रॅप, पण समोरासमोर नको, मीटरभर पुढेमागे, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो. पुढचं हलणारं गवत बाजूला वाकवून ठेवा. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं की पीआयआर त्यालाच प्राणी समजतो आणि दोन दिवसांत बॅटरी संपते. उलट हवेचं तापमान प्राण्याच्या अंगाजवळ पोचलं की त्याला प्राणी दिसतच नाही. भर उन्हाळ्यात दुपारच्या रिकाम्या नोंदींचं कारण तेच.

मोठा कॅमेरा आणि वेगळे फ्लॅश वापरणार असाल तर: २४ ते ३५ मिमी लेन्स, एफ ८, १/२००, आयएसओ ८०० ते १६००, फ्लॅश १/८ ते १/१६ शक्तीवर. फोकस हाताने, वाटेवर ठेवलेल्या दगडावर, मग रिंगवर टेप. काळ्या प्राण्याला कॅमेऱ्याजवळचा फ्लॅश अगदी निकामी: डोळे चमकतात आणि अंग रात्रीत विरघळून जातं. एक फ्लॅश बाजूने ४५ अंशांवर कुशीसाठी, दुसरा मागच्या बाजूने पाठीची कड उजळण्यासाठी. कड उजळली की प्राणी अंधारातून सुटा होतो.

बिघडतं ते बहुतेक जागं होण्यात. कॅमेरा आणि फ्लॅश झोपलेले असतात, त्यांना उठायला वेळ लागतो आणि तोवर बिबट्याची शेपटी उरते. सेन्सर कॅमेऱ्याच्या चौकटीच्या अलीकडे, प्राणी येणाऱ्या दिशेला सरकवा. फ्लॅश असा निवडा जो कमी विजेवर दीर्घकाळ तयार राहतो. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका, पहाटे काचेवर बाष्प धरतं.

नवा_पांथस्थ

ओळख पटवण्यासाठी नेमके कोणते फोटो लागतात? फक्त कुशीचा एक पुरत नाही का?

मचाण

नाही. डावी आणि उजवी कूस सारखी नसते. एका बाजूचा फोटो दुसऱ्या बाजूच्या फोटोशी जुळवता येत नाही, त्यामुळे एकच वाघ कागदावर दोन वाघ होतो. ट्रॅप जोडीने लावतात ते याचसाठी.

प्राधान्य असं: दोन्ही कुशी, मग मागच्या पायाची मांडी, मग पाठ, शेपटीची वलयं, चेहरा शेवटी. चेहऱ्याचे फोटो सगळे काढतात, पण मान जराशी वळली तरी कपाळावरच्या रेषा वेगळ्या दिसतात. कूस कॅमेऱ्याला शक्यतो काटकोनात हवी. वीस-तीस अंशांपर्यंत तिरकी चालते, त्यापुढे पट्टे दाटीवाटीने येतात. चालताना पुढचा पाय मागे गेला की खांद्यावरची कातडी ओढली जाते, म्हणून एका पावलातले तीन-चार फोटो ठेवा. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत हजारेक पिक्सेल मिळाले तर जुळवणी निवांत होते. ६०० मिमीची लेन्स असूनही पूर्ण अंग चौकटीत ठेवा. शेपटी आणि पाय कापलेला सुंदर फोटो नोंदीच्या कामाचा नसतो.

जाड पट्ट्यांच्या वाघात एक वेगळी अडचण आहे. पट्टे मिसळल्यामुळे पाठीवर जुळवायला खुणाच कमी उरतात. तिथे मांडी आणि कुशीचा खालचा भाग जास्त बोलतो. उन्हात पांढरं पोट फाटू न देता तो भाग टिपायचा म्हणजे पांढऱ्यावर एक्स्पोजर बांधा आणि पाठ नंतर वर आणा.

रानवाट

फाइल पुढे देण्याआधीचं काम. फोटोत जीपीएस नोंद असते. कॅमेऱ्यात नसली तरी फोन जोडलेला असेल तर तिथून उतरते. जगजाहीर करायच्या प्रतीतून ती पुसा. मूळ रॉ फाइलमधून पुसू नका, संशोधकाला किंवा वनखात्याला द्यायची प्रत तीच. तारीख, अचूक वेळ आणि करड्या कार्डाचा फोटो सोबत द्या. कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या दिवशी जुळवा. ते चुकीचं असेल तर दोन जणांच्या फोटोंतला एकच प्राणी एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतो.

जीपीएस पुसून भागत नाही. ओळखीचं झाड, पाणवठ्याचा बांध, मैलाचा दगड, गाडीचा क्रमांक पार्श्वभूमीत असेल तर जागा कळतेच. चौकट आवळा किंवा तो फोटो ठेवून द्या. काळ्या बिबट्याची एक जागा फुटली की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, आणि बिबट्या उजेडात येणंच सोडतो. मग कुठलंच एक्स्पोजर कामाचं नाही.

नवा_पांथस्थ

शेवटचा प्रश्न. आयएसओ ६४०० च्या फाइलीवर एआय वापरून नॉइज काढला तर ठिपके जास्त उठून दिसतात. ती प्रत ओळखीसाठी चालेल का?

ठिपकेदार

नाही, निदान एकटी नाही. ती साधनं कणांमधून पोत "अंदाजाने" भरतात. काळ्या कातडीवर उजेडाचा फरक मुळातच थोडा असतो, तिथे खऱ्या ठिपक्याची अर्धी कड पुसली जाते आणि शेजारी नसलेली कड उमटते. भिंतीवर लावायला ती प्रत खुशाल वापरा.

ओळखीसाठी दुसरी रीत आहे. प्राणी स्थिर असतानाचे सहा ते आठ सलग फोटो घ्या, एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढा. चार फोटोंच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो, नऊंच्या सरासरीने तिसरा हिस्सा उरतो, आणि त्यात काहीही नवीन भरलं जात नाही. श्वासाने कूस हलते, म्हणून जुळवणी पूर्ण चौकटीची न करता फक्त खांद्याच्या किंवा मांडीच्या तुकड्याची करा. त्या तुकड्यात शॅडो अधिक ४० पर्यंत, मग थोडं क्लॅरिटी (मधल्या छटांचा काँट्रास्ट), आणि फोटो कृष्णधवल करून हिरवा चॅनेल बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत असतो त्या बेयर सेन्सरमध्ये लाल किंवा निळ्यांपेक्षा हिरवे पिक्सेल दुप्पट असतात, त्यामुळे नॉइज तिथे सर्वात कमी आणि ठिपके तिथेच सर्वात आधी दिसतात.